शरीरातले घड्याळ आणि हृदय

पहाटे उठण्याची थोरवी आपण लहानपणापासून ऐकत आलो. हृदयाला मात्र हीच वेळ अंमळ जड जाते. अमेरिकेतील डॉ. जेम्स म्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली झटक्यांच्या वेळा तपासल्या, तेव्हा रात्री ११ च्या मानाने सकाळी ९ च्या सुमारास ते तिपटीने अधिक आढळले.

असे का व्हावे? मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, काही हजार पेशींचा पुंजका आहे. तेच आपले घड्याळ. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री १० ते २० टक्क्यांनी उतरतो. जाग येण्याआधीच कॉर्टिसॉल चढू लागते. मग आपण उभे राहतो, नाडी नि दाब वाढतात, रक्तातल्या बिंबिका अधिक चिकट होतात. आधीच अरुंद झालेल्या रोहिणीत गुठळी धरायला एवढे पुरते. फिरणे यासाठी सोडू नये; पण सकाळी छातीत कळ आली तर ‘पित्त असेल’ म्हणून दुपारची वाट पाहू नका, असे आम्ही निक्षून सांगू.

मग रक्तदाबाची गोळी रात्रीच घ्यावी काय? तर्क सुचवतो तसे. परंतु ब्रिटनमध्ये २१ हजारांवर रुग्णांची चाचणी झाली. २०२२ साली निष्कर्ष आला, तो असा की सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी सारखीच. जी वेळ विसरत नाही, ती आपली.