लांबून ठेवलेला पोपट

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आलं. बऱ्याच जणींनी ते पाहिलं-वाचलं असेल. गावात प्रयोगाला आलेली नाटक मंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात. आरोपी बेणारेबाई, आरोप भ्रूणहत्येचा. रहस्यकथेसारखी एकेक गोष्ट उघड होत जाते. बाई अविवाहित आहे, गरोदर आहे आणि जबाबदार असलेले प्राध्यापक दामले हजरच नाहीत. शेवटी शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करा! ज्याचा आरोप, तीच शिक्षा.

मग खऱ्या प्रयोगाची वेळ होते. हा सगळा खेळच होता असं म्हणून मंडळी तयारीला जातात. बेणारे पडूनच. गावचा सामंत तिच्याजवळ हिरवा कापडी पोपट ठेवून निघून जातो. कुठूनसं तिच्या आवाजात चिमणी-पोपटाचं गाणं ऐकू येतं.

बाई जगली का? आमच्या अभ्यासगटात यावर वाद झाला. एकीला पोपटात माणुसकी दिसली, दुसरीला न जन्मलेल्या बाळाचं खेळणं. नाटक उत्तर देत नाही.

मला सामंत दिसतो. माणूस भला. पण कादंबरी वाचून रचलेली साक्ष त्यानंही दिली होती. आता तो पोपट ठेवतो, तोही अवघडून, लांबूनच.

आपल्याकडे गावकीच्या बैठकीत अशी कोर्टं भरतात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच हक्क असल्याचं सांगितलं. पण बैठकीत दामले अजून गैरहजरच असतात, आणि उभी केली जाते ती बाईच.

अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. मी तिला कायद्याचं पत्रक दिलं, दवाखान्याचा पत्ता दिला, पाठीवरून हात फिरवला आणि मीटिंगला गेले. ती परत आली नाही. मीही शोधायला गेले नाही. ते पत्रक म्हणजे माझा पोपट होता.

मैत्रिणींनो, बेणारेचं पुढे काय झालं यावर आपण खुशाल वाद घालू. पण उठण्यापूर्वी एवढं ठरवू या : पुढची मुलगी येईल तेव्हा दवाखान्यात तिच्यासोबत कोण जाईल? आणि गावकीच्या बैठकीत तिच्या शेजारी कोण बसेल? नावं आत्ताच सांगा, मी लिहून घेते. पहिलं माझं.