आपलीच पत, आपलाच दाम

'पत' हा शब्द मोठा विलक्षण आहे. ती असते आपली, परंतु राहते मात्र दुसऱ्याच्या मनांत. पूर्वी ती गांवच्या पेठेंत राहत असे. वाण्याच्या दुकानीं उभें राहून त्याच्या मुद्रेकडे पाहिलें कीं आपली पत कितपत उरली आहे तें समजत असे. आतां ती कंपन्यांच्या दफ्तरांत राहावयास गेली आहे. तेथें आपल्याविषयीं काय लिहिलें आहे हें पाहावयाचें झाल्यास ज्याची पत त्यानेंच पैसे मोजावे काय, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

हीं दफ्तरें कोणतीं तें प्रथम सांगतों. आपल्या देशांत पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांसंबंधीं २००५ सालीं कायदा झाला. आज अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानें चालतात : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. कर्ज किती, हप्ता कोणत्या महिन्यांत चुकला, थकबाकी किती, ही प्रत्येक कर्जदाराची हकीकत बँका या चौघींकडे धाडतात. तिच्यावरून अहवाल सिद्ध होतो व त्यावर ३०० पासून ९०० पर्यंत गुण दिले जातात. मी आयुष्यभर मुलांना गुण देत आलों. परंतु उत्तरपत्रिका दाखविण्याबद्दल त्यांच्याकडून पैसे घेण्याची कल्पना मला कधीं सुचली नाहीं.

माझा या दफ्तरांशीं परिचय २०१५ सालीं झाला. निवृत्तीस थोडीं वर्षें उरलीं होतीं आणि घराच्या छपराचीं लाकडें वाळवीनें पोखरलीं होतीं. दोन लाखांचें कर्ज मागावयास मी एका बँकेंत गेलों. तोंपर्यंत माझें सारें देणेंघेणें शिक्षकांच्या पतपेढीशीं; तेथें दोन जामीन दिले कीं काम होई. बँकेंतील तरुणानें यंत्राकडे पाहून नम्रपणें सांगितलें, "गुरुजी, तुमच्या नांवावर मोटारसायकलीचें कर्ज थकलें आहे." मी सायकलीवांचून दुसरें वाहन कधीं चालविलेलें नाहीं. तो कागद दाखवा म्हणालों, तर तो कंपनीकडून मागवा, असें उत्तर मिळालें. मागविला. सुमारें पांचशें रुपये पडले. पाहतों तों माझें नांव, वडिलांचें नांव, आडनांव, तिन्ही जुळणारा कोणी गृहस्थ दुसऱ्या तालुक्यांत राहत होता, आणि त्याची मोटारसायकल माझ्या दारीं येऊन उभी होती !

पत्रव्यवहारांत तीन महिने गेले. अखेर चूक दुरुस्त केल्याचें कळविण्यांत आलें. परंतु ती खरोखर दुरुस्त झाली कीं नाहीं हें पाहावयाचें, तर पुन्हां तितकेच रुपये ! पहिले पैसे मी विसरून गेलों आहें. हे दुसरे मात्र मला अद्याप बोचतात. चूक त्यांची, श्रम माझे, आणि ती पुसली गेल्याची खात्री करून घेण्याचा खर्चही माझाच. तो पावसाळा आम्हीं घरांत पातेलीं मांडून काढला.

आपल्या प्रांताला हा प्रश्न नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा दंगा झाला, व तो आसपासच्या गांवांत पसरला. इतिहासांत हे दंगे 'दख्खनचे दंगे' म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांत लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यांना हवीं होतीं तीं खतें आणि वह्या, आणि तीं हातीं पडतांच त्यांनीं जाळून टाकलीं. ज्या वहींत आपलें नांव आहे परंतु जी आपणांस वाचतां येत नाहीं, तिच्याविषयीं मनुष्याच्या मनांत काय सांचतें, तें त्या आगींत दिसलें. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत ऋणकोनें मागितल्यास सावकारानें त्याला हिशेबाचा उतारा द्यावा, भरलेल्या पैशांची पावती द्यावी, अशीं कलमें घालण्यांत आलीं. स्वतःचा हिशेब पाहण्याचा हक्क येथें असा आगींतून निघालेला आहे.

आतां कंपन्यांचा पक्षही ऐकला पाहिजे. माहिती गोळा करावयाची, ती संभाळावयाची, चोरांपासून राखावयाची, यांस खर्च येतो. फुकट मिळालें तर लोक उगाच रोज उठून मागतील, असें म्हणतात. यांतील पहिली गोष्ट खरी आहे. परंतु हा व्यापार आमच्या चौकशीवर उभा नाहीं. बँका सभासद होतात, चौकशीचे पैसे देतात; माल म्हणाल तर तो आमच्या वर्तनाचा, आणि तो देतांना आम्हीं एक पैही मागितलेली नाहीं. शिवाय स्वतःचा अहवाल वाचणारा मनुष्य त्यांतील चुका काढतो, म्हणजे कंपनीचें मुद्रितशोधन विनावेतन करून देतो. अशा माणसाला उलट दंड कसला करावयाचा ?

सुदैवानें रिझर्व्ह बँकेलाही कांहींसें असेंच वाटलें असावें. सप्टेंबर १, २०१६ रोजीं तिनें आज्ञापत्र काढलें, आणि जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीनें प्रत्येक व्यक्तीस, गुणांसकट, संपूर्ण अहवाल वर्षांतून एकदां मोफत द्यावा असें ठरलें. कंपन्या चार, तेव्हां अहवालही चार. दर तीन महिन्यांनीं एकीकडे मागितल्यास वर्षभर नजर राहते. पुढें २०२३ च्या ऑक्टोबरमध्यें आणखी एक आज्ञा झाली, व ती २०२४ च्या एप्रिलपासून अमलांत आली : तक्रारीचा निकाल तीस दिवसांत न लागल्यास तक्रारदारास दर दिवशीं १०० रुपये भरपाई. माझ्या तीन महिन्यांचा हिशेब मीं या दरानें करून पाहिला, पण तो आतां कोणास पाठवूं ?

तरीही माझें समाधान पुरतें झालेलें नाहीं. वर्षांतून एकदां पाहण्याचा हक्क हा ज्याचें सारें सुरळीत आहे त्याला पुरतो. ज्याचें कर्ज नाकारलें गेलें, त्यानें जानेवारींत एकदां अहवाल पाहिला होता म्हणून त्याच कंपनीकडे त्याला जूनमध्यें पैसे पडावे, हें न्याय्य नाहीं. अमेरिकेंत १९७० सालचा या विषयाचा कायदा आहे. अहवालामुळें अर्ज फेटाळला गेल्यास साठ दिवसांच्या आंत तो अहवाल तेथें फुकट मागतां येतो, आणि तक्रारीवरून नोंद बदलली तर बदललेली प्रतही फुकट मिळते. माझे ते दुसरे पैसे तेथें लागले नसते ! २००३ च्या कायद्यानें वर्षाला एक मोफत अहवाल सर्वांसच दिला, आणि आतां तर तेथील तिन्ही मोठ्या कंपन्या दर आठवड्यास देतात. त्यामुळें त्या बुडाल्याचें ऐकिवांत नाहीं. इंग्लंडांत बरींच वर्षें दोन पौंड पडत. मे २०१८ पासून तेही गेले.

सारेंच फुकट असावें असें मात्र मी म्हणत नाहीं. आपला सातबारा पाहा. संगणकावर तो नुसता पाहावयास कांहीं पडत नाहीं. सहीशिक्क्याच्या तोडीचा, कचेरींत चालणारा उतारा हवा असल्यास १५ रुपये पडतात. हा भेद मला पटतो. वाचणें हा हक्क आहे, आणि दाखला ही सेवा आहे. कोणास महिन्याच्या महिन्यास पहारा ठेवणारा नोकर हवा असेल, त्यानें खुशाल वर्गणी भरावी.

फुकट या शब्दापासूनही जपावें लागतें. हल्लीं दूरध्वनीवर 'तुमचे गुण मोफत पाहा' म्हणून आमंत्रणें येतात. तेथें पैसे पडत नाहींत हें खरें. परंतु आपला क्रमांक व जन्मतारीख देऊन आपण बाहेर पडलों कीं संध्याकाळपासून कर्ज घ्या म्हणून हांका सुरू होतात. माझ्या पत्नीनें एकदां हा प्रयोग केला व महिनाभर फोन उचलण्याचें काम माझ्याकडे आलें. अहवाल मागावयाचा तो त्या चार कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच मागावा, आणि वर्गणीच्या पाट्यांमध्यें मोफत अहवालाची बारीक ओळ शोधण्यापुरता धीर धरावा.

आमच्या घरच्या दिनदर्शिकेवर जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारीं तांबड्या शाईची खूण असते. यंदाच्या पहिल्या अहवालांत त्या मोटारसायकलीचा मागमूसही नव्हता. मात्र माझ्या जन्मतारखेंतील एक अंक चुकलेला आढळला. तक्रार नोंदविली आहे. तिचे तीस दिवस अद्याप पुरे व्हावयाचे आहेत.