भूगर्भातील तांबे आणि सोने : उपकरणे काय सांगतात?



महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्टच्या काळ्या खडकाने झाकलेला आहे. तांबे आणि सोने ज्या अतिप्राचीन खडकांत शोधावयाचे, ते खडक प्रामुख्याने पूर्व विदर्भात उघडे पडतात. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथे तांब्याच्या, तर नागपूर जिल्ह्यातील पुल्लर-परसोडी परिसरात तांबे व सोने या दोहोंच्या खुणा भूवैज्ञानिकांनी नोंदविल्या आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंड येथे तांब्याचा मोठा प्रकल्प १९८२ साली सुरू झाला. त्यामुळे या टापूत शोधपथके येत राहणार, हे उघड आहे.

पथक आले की शिवारात लांबच लांब तारा पसरल्या जातात, पोलादी खुंट्या ठोकल्या जातात आणि एखादे यंत्र गुणगुणू लागते. गावात मात्र दुसऱ्या दिवशी वार्ता पसरते, ‘सोने सापडले!’ मग कोणी भाव वाढेल म्हणून जमीन धरून ठेवतो, कोणी गाव उठेल या धास्तीने ती मिळेल त्या किमतीला विकून टाकतो. हे दोन्ही निर्णय चुकीच्या समजुतीवर आधारलेले असतात. उपकरणांना काय कळते आणि काय कळत नाही, हे गावातील शिक्षक, पंचायत सदस्य आणि महसूल कर्मचारी यांना ठाऊक असेल, तर असे नुकसान टळू शकेल.

भूभौतिकी सर्वेक्षणाचे मूळ तत्त्व साधे आहे. जमिनीखालची धातू कोणत्याही उपकरणाला ‘दिसत’ नाही. उपकरण मोजते ते खडकाचे गुणधर्म : त्यातून वीज किती सहज वाहते, तो किती चुंबकीय आहे, त्याची घनता किती आहे. सभोवतालच्या खडकांहून एखाद्या ठिकाणचे मोजमाप वेगळे आले, की त्या वेगळेपणास ‘विसंगती’ म्हणतात. विसंगती म्हणजे निक्षेप नव्हे. येथे अधिक तपास करावा, एवढेच ती सुचविते.

या विद्येचा आरंभ तांब्याच्याच खाणीत झाला. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे रॉबर्ट फॉक्स यांना १८३० साली असे आढळले की, तांब्याच्या धातुकाच्या शिरांमधून आपोआप सूक्ष्म विद्युत् प्रवाह वाहत असतो. भूजलाच्या पातळीजवळ अशा शिरांचे रासायनिक क्षरण होत असते आणि त्यातून जणू एक नैसर्गिक विद्युत् घटच तयार होतो. त्याचा दाब भूपृष्ठावर मोजता येतो. याच निरीक्षणातून पुढे विद्युत् सर्वेक्षणाची वाट खुली झाली.

आज तांब्याच्या शोधात विशेष उपयोगी पडणारी पद्धत म्हणजे प्रवर्तित ध्रुवीकरण. पुष्कळदा तांब्याचे खनिज खडकात तिळासारखे विखुरलेले असते. कण एकमेकांना चिकटलेले नसल्याने विजेला सलग मार्ग मिळत नाही आणि साध्या मापनातून ते निसटतात. दोन खुंट्यांमधून जमिनीत प्रवाह सोडला, की या कणांच्या पृष्ठभागावर विद्युत् भार साचतो. प्रवाह तोडल्यावर हा भार क्षणात नाहीसा न होता हळूहळू विरतो. विरण्याची ती क्रिया मापकावर उमटते आणि विखुरलेल्या खनिजाचा सुगावा लागतो. हा दाब टिपण्यासाठी सच्छिद्र भांड्यात मोरचुदाचे द्रावण भरून त्यात तांब्याची कांडी बसवितात. तांब्याच्या शोधात तांब्याचेच साहाय्य घ्यावे लागते, असे म्हणावयास हरकत नाही.

सोन्याची गोष्ट निराळी आहे. एक टन खडकात पाच ग्रॅम सोने असले तरी ते धातुक चांगले मानले जाते. म्हणजे प्रमाण दोन लाखांत एक! एवढ्याशा सोन्याने खडकाच्या वाहकतेत वा घनतेत कोणताही मापनीय फरक पडत नाही. म्हणून शोध घ्यावा लागतो तो सोन्याच्या सोबत्यांचा. लोह, आर्सेनिक व तांबे यांची गंधकयुक्त खनिजे, क्वॉर्ट्झच्या शिरा आणि प्राचीन काळी खडक जेथे पिळवटून भंगले ते पट्टे, हे ते सोबती होत. चुंबकीय व विद्युत् मापनांनी हे पट्टे नकाशावर आखता येतात. त्यांत सोने आहे की नाही, हे मात्र नमुन्याच्या रासायनिक परीक्षणाखेरीज सांगता येत नाही. तेव्हा केवळ यंत्र फिरवून ‘येथे सोने आहे’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यापासून सावध राहिलेले बरे.

शिवाय भूगर्भ चकवाही देतो. ग्रॅफाइट विजेचा उत्तम वाहक आहे आणि ध्रुवीकरणाच्या मापनातही तो धातुखनिजासारखाच भासतो. खारे पाणी मुरलेली चिकणमाती, पुरलेली लोखंडी नळवाहिनी, तारेचे कुंपण आणि विजेच्या वाहिन्या हेही मोजमाप बिघडवितात. यासाठी अनेक पद्धतींचे निष्कर्ष, मातीचे रासायनिक नमुने आणि खडकांचा नकाशा एकत्र ताडून पाहावे लागतात. १९६७ साली ‘ऑपरेशन हार्डरॉक’ या मोहिमेत राजस्थान, बिहार व आंध्र प्रदेशाच्या काही भागांवर विमानातून सर्वेक्षण झाले. विमानाने अल्पकाळात विस्तीर्ण प्रदेश चाळून होतो; पण हाती आलेली प्रत्येक विसंगती अखेर जमिनीवर उतरूनच तपासावी लागते.

अंतिम निवाडा करते ते छिद्रण. हिऱ्याचे दात बसविलेल्या नळीने खडकाचा गाभा बाहेर काढून त्याचे परीक्षण होते, आणि अशी अनेक छिद्रे घेतल्यानंतरच साठ्याचा आकार व प्रत ठरते. २०१५ च्या नियमांनी या वाटचालीचे टेहळणी, प्राथमिक, सर्वसाधारण व सविस्तर समन्वेषण असे चार टप्पे मानले आहेत. पहिल्या टप्प्यावरची बहुतेक ठिकाणे शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाहीत. आणि धातू सापडली म्हणून खाण कायम चालेलच, असेही नाही. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. उत्पादन परवडेनासे झाल्याने त्या २००१ साली बंद झाल्या.

गावाने या कामी काय करावे? जुने खड्डे, धातुमळीचे ढीग, हिरवट डाग पडलेले दगड यांची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून पथकास द्यावी. पूर्वजांच्या खाणकामाच्या खुणा आजही उत्तम वाटाड्या ठरतात. पुरलेल्या नळवाहिन्या व पंपांच्या तारा कोठे आहेत, हे आधीच सांगावे. सर्वेक्षणाच्या खुंट्यांमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असू शकतो. म्हणून मुलांनी तारांना हात लावू नये आणि गुरे त्या बाजूस सोडू नयेत, याची दक्षता शाळेने व ग्रामपंचायतीने घ्यावी. पथकानेही शेतात जाण्यापूर्वी शेतकऱ्यास कल्पना द्यावी, पिकाची हानी झाल्यास ती भरून द्यावी आणि छिद्रण आटोपल्यावर छिद्रे नीट बुजवावीत.

आणखी एक गोष्ट पंचायतीच्या हाती आहे. हे काम कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न पथकास आणि तहसील कार्यालयास विचारावा व मिळालेले उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे. टेहळणी चालू असेल, तर जमिनीचा व्यवहार घाईने करण्याचे कारण नाही. सविस्तर समन्वेषणाची वेळ आली असेल, तर भूसंपादन, पाणी आणि रोजगार यांविषयीचे प्रश्न तेव्हाच, खाण सुरू होण्यापूर्वी, मांडावयास हवेत. विसंगती, निक्षेप आणि खाण हे तीन शब्द ज्या गावाला वेगवेगळे कळले, त्या गावाला अफवेचे भय उरत नाही.