समुद्रातील लोह आणि त्याला धरून ठेवणारे हात

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



विषयाची निवड आपण आमच्यावरच सोपविलीत. आम्ही पडलो शाळेत रसायनशास्त्र शिकविणारे. तेव्हा लोखंडाविषयी बोलतो. मात्र खाणीतल्या लोखंडाविषयी नव्हे. त्याविषयी गोव्यात बोलणारे पुष्कळ आहेत! आम्ही बोलणार ते ध्रुवीय समुद्रात विरघळलेल्या लोहाविषयी.

अंटार्क्टिकाभोवतालच्या समुद्रात नायट्रेट व फॉस्फेट ही खते विपुल आहेत. तरीही तेथील सूक्ष्म वनस्पती वाढाव्यात तितक्या वाढत नाहीत. अमेरिकेचे जॉन मार्टिन यांनी १९९० च्या सुमारास याचे कारण पुढे मांडले : तेथे लोहाचा दुष्काळ आहे. हा दुष्काळ केवढा? एक हजार लिटर पाण्यात सुमारे एका ग्रॅमचा एक लक्षांश! जुन्या नोंदींत हा आकडा फार मोठा दिसे, कारण जहाज लोखंडाचे, दोर लोखंडाचा, आणि गंज नमुन्यात उतरे. आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या तेव्हा कोठे खरे पाणी हाती लागले.

आता खरी मौज पाहा. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी आणि प्राणवायूयुक्त. त्यात लोहाचा गंज होतो व तो तळाकडे जातो. थंड पाण्यात ही क्रिया सावकाश होते इतकेच. मग एवढेसे लोह तरी विरघळलेले कसे राहते? आपल्या आजोबांच्या काळी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई करीत. हिरड्यातील टॅनिन लोहाला घट्ट धरते, म्हणून ती काळीभोर होई. समुद्रातही असेच धरणारे सेंद्रिय रेणू आहेत. शास्त्रज्ञ त्यांना लिगँड म्हणतात. आम्ही वर्गात ‘बंधक’ म्हणतो. काही जीवाणू स्वतःच ते तयार करून पाण्यात सोडतात, काही मेलेल्या जीवांच्या कुजण्यातून येतात. १९९४-९५ च्या मोजमापांतून दिसले की समुद्रातील विरघळलेल्या लोहापैकी ९९ टक्क्यांहून अधिक अशा बंधकांच्याच हाती असते. रक्तातले लोहही मोकळे हिंडत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच.

उत्तर ध्रुवाकडे चित्र निराळे. सायबेरियातील लेना, येनिसेई यांसारख्या नद्या दलदलीतले तपकिरी ह्यूमिक द्रव्य आर्क्टिकमध्ये आणतात, आणि ते लोहाला धरून प्रवाहाबरोबर ध्रुवापर्यंत नेते. त्या प्रवाहाच्या पट्ट्यात आजूबाजूच्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक लोह सापडते. अंटार्क्टिकाला असा नद्यांचा आधार नाही.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, समुद्रात लोह ओता, वनस्पती वाढतील, हवेतला कार्बन तळाशी जाईल आणि पृथ्वी थंड होईल, असा सोपा हिशेब काहीजण मांडतात. २००९ साली आपल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन संशोधकांबरोबर दक्षिण अटलांटिकमध्ये हा प्रयोग करून पाहिला. त्याचे नावच ‘लोहाफेक्स’, म्हणजे आपले लोहच. भारतीय बाजूचे नेतृत्व डॉ. वजीह नक्वी यांच्याकडे होते. पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपांमुळे जर्मन सरकारने काम काही दिवस थांबविले. आमच्या मते आक्षेप अगदीच निराधार नव्हता, आणि प्रयोगही निरर्थक नव्हता. न पाहता कोणाला कळणार? सुमारे ३०० चौरस किलोमीटरांत २० टन फेरस सल्फेट, म्हणजे हिराकसच, ओतले. वनस्पती वाढल्या, परंतु कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांनी त्यांना खाल्ले. सिलिका अपुरी असल्याने कवचधारी डायटम वाढलेच नाहीत. कार्बन तळाकडे फारच थोडा गेला. नुसते लोह पुरत नाही; त्याला धरणारे कोण, जोडीला काय, खाणारे कोण, हेही पाहावे लागते.

बाहेरच्या टेबलावर हिरड्याचा काढा आणि हिराकस ठेवले आहे. मुलांनी शाई अवश्य करून पाहावी. मात्र पांढऱ्या कपड्यांनिशी जवळ जाऊ नये.