दंडाचं हाड आणि मोडल्या जागेचं रक्त

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘लहान छेदाची शस्त्रक्रिया’ असा छापला आहे. या तंत्राचं कौतुक बहुतेक वेळा असंच होतं, छेदाच्या लांबीवरून. मला ते पटत नाही. दंडावरचा व्रण दोन बोटांचा की वीतभर, यानं हाड जुळायचं ठरत नाही. हाड मोडतं तेव्हा त्या जागी रक्त साकळतं. हाड जोडणाऱ्या पेशी तिथंच गोळा होतात, आधी मऊ आणि मग कठीण गाठ धरते, आणि आपलं शरीर ते काम कोणी न सांगता सुरू करतं. जागा उघडून शस्त्रक्रिया करताना आपण नेमकं तेच रक्त धुऊन काढतो आणि हाडावरचं आवरणही खरवडतो. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये एओ हा शल्यचिकित्सकांचा गट स्थापन झाला. तुकड्याला तुकडा तंतोतंत बसवा, प्लेटनं घट्ट आवळा, ही त्यांची शिकवण जगभर गेली. सांध्यातल्या फ्रॅक्चरला ती आजही लागू आहे. दंडाच्या मधल्या भागाला मात्र इतक्या काटेकोरपणाची गरज नाही. खांदा इतका फिरता सांधा आहे की हाड पुढं वीस अंश किंवा बाजूला तीस अंश वाकडं जुळलं, तीन सेंटिमीटर आखूड झालं, तरी हात चालतो. क्लेनरमन या शल्यचिकित्सकांनी १९६६ मध्येच हे मांडलं होतं. मग मधले तुकडे डोळ्यांनी पाहण्याचा हट्ट कशासाठी? हाडाची दिशा नीट आहे ना, एवढंच पाहायचं असतं, आणि ते सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर दिसतं.

प्रत्यक्षात लहान छेदाची शस्त्रक्रिया होते ती अशी. एक छेद खांद्याखाली पुढच्या बाजूला, दुसरा कोपराच्या वर. दोन्ही छेद मोडलेल्या जागेपासून दूर असतात. खालच्या छेदात बायसेप्स बाजूला सारायचा, त्याखालचा ब्रेकिआलिस स्नायू मधोमध उभा उकलायचा, आणि हाडाच्या पुढच्या अंगानं बोगदा करून प्लेट सरकवायची. सहायक हात ताणून धरतो, सी-आर्मवर समोरून आणि बाजूनं चित्र पाहिलं जातं, मग वर आणि खाली स्क्रू. ब्राझीलच्या लिवानी आणि बेलांगेरो यांनी २००४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. थायलंडमध्ये मृतदेहांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की तळहात छताकडं ठेवला, तर रेडियल नर्व्ह प्लेटपासून लांब राहते.

या नसेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी भीती तिचीच. आपापला हात समोर धरा, तळहात जमिनीकडं, आणि फक्त मनगट वर उचला. आता अंगठा बाहेर ताणा. सभागृहात हशा पिकला आहे, पण प्रत्येक रुग्णाकडून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर एवढं करून घेऊन कागदावर नोंद झालीच पाहिजे. ही नस हाडाच्या मागून वळसा घालून बाहेरच्या बाजूला येते, इतकी हाडालगत की दंडाच्या साधारण दर आठ-नऊ फ्रॅक्चरमागे एकात ती आधीच दुखावलेली असते. मनगट लोंबतं, घरचे घाबरतात. बहुतेकांत ती काही महिन्यांत आपोआप सुधारते. ‘जे सी-आर्मला दिसत नाही, त्याच्या शेजारून प्लेट कशी सरकवता?’ हा आक्षेप रास्त आहे. चित्रात नस खरंच दिसत नाही, हाड स्वतःभोवती पिळलं गेलं असेल तर तेही सहज कळत नाही. म्हणून वाट पुढच्या अंगाची निवडायची आणि ब्रेकिआलिसचा बाहेरचा अर्धा भाग नसेच्या आड ठेवायचा. ज्याला हे शरीररचनाशास्त्र पाठ नाही, त्यानं मोठाच छेद घ्यावा, हे मी शल्यचिकित्सकांसमोर स्पष्ट म्हणतो.

सी-आर्ममधून होणाऱ्या किरणोत्साराबद्दल चिठ्ठी आली आहे, तेव्हा त्याचं थोडक्यात. रुग्णाला तो थोडा मिळतो. रोज तिथं उभ्या राहणाऱ्यांना, म्हणजे परिचारिका, तंत्रज्ञ आणि शल्यचिकित्सक यांना, वर्षानुवर्षं मिळत राहतो. एक्स-रेची नळी रुग्णाच्या खाली ठेवावी, पेडल क्षणभरच दाबावं, शिशाचा एप्रन आणि किरणोत्सार मोजणारा टीएलडी बॅज सर्वांना असावा.

खरा आक्षेप राहिलाच. मोडल्या जागेचं रक्त हलवायचं नसेल, तर ऑपरेशनच कशाला? सार्मिएंटो या शल्यचिकित्सकांनी १९७७ पासून दाखवून दिलं की दंडाभोवती बांधायच्या ब्रेसवरच, ऑपरेशनशिवाय, हे हाड जुळतं. त्यांच्या २००० सालच्या अहवालात, बंद, म्हणजे कातडी न फाटलेल्या, फ्रॅक्चरपैकी न जुळलेली दोन टक्क्यांहून कमी होती. पण ९२२ पैकी ६२० रुग्णांचाच पाठपुरावा झाला होता. फिनलंडमधल्या ८२ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) वर्षअखेर ब्रेस आणि शस्त्रक्रिया यांत ठळक फरक निघाला नाही. मात्र ब्रेसवाल्या ४४ पैकी १३ जणांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावं लागलं. तिथली शस्त्रक्रिया जागा उघडून केलेली होती, त्यामुळं लहान छेदाच्या पद्धतीचा कौल मी त्यातून काढत नाही. माझं म्हणणं असं की साधं, बंद फ्रॅक्चर असेल तर ब्रेसला पहिली संधी द्यावी. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी ती जागा हातात धरून हलते का पाहावं. हलत असेल, तर आणखी तीन-चार महिने वाट पाहू नये. कारण पुढं तिथं तंतूंची भर पडते, टोकं गुळगुळीत होतात, आणि मग जागा उघडून, कमरेचं हाड काढून तिथं भरावं लागतं. सी-आर्म आणि दोन छेद तेव्हा उपयोगाचे राहत नाहीत.