भार कोणाचा, सही कोणाची?



खानदेशातील धाब्याचे घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना भार म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी नवी माती पडे. जुनी काढली नाही तर थर वाढत जाई. वीतभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४०० किलो. तुळई वाकू लागली की घरधनी टेकू लावी. भार डोळ्यांना दिसत असे, आणि त्याची जबाबदारी घेणाराही त्याच छताखाली निजत असे.

काँक्रीटच्या इमारतीत या दोन्ही गोष्टी उरलेल्या नाहीत. किती भार धरावयाचा ते अभियंता कागदावर ठरवितो. त्यासाठी भारतीय मानक ८७५ आहे. त्याच्या दुसऱ्या भागाच्या १९८७ च्या आवृत्तीने राहत्या खोलीला चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो आणि वापरातील गच्चीला सुमारे १५० किलो वापराचा भार धरावयास सांगितले. गोदामाला मात्र साठ्याच्या उंचीच्या दर मीटरला सुमारे २४०, आणि कमीत कमी ७५०. ग्रंथालयातील पुस्तकांच्या कोठीला ६०० च्या वर. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील दप्तरे ज्याने एकदा उचलून पाहिली असतील, त्याला कागदाच्या वजनाचे नवल वाटणार नाही.

आता राहण्यासाठी आखलेल्या मजल्यावर एखाद्या व्यापाऱ्याने डाळीच्या पोत्यांची दोन मीटर थप्पी लावली, तर त्या स्लॅबवर चौरस मीटरला हजार किलोंहून अधिक भार येतो. गच्चीवर मीटरभर खोल पाण्याची टाकी बांधली तरी तेच. स्लॅब त्या दिवशी पडत नाही, आणि हाच खरा धोका आहे. मानक ४५६ प्रमाणे अभियंता भाराला दीडपट धरून हिशेब करतो. ही राखीव ताकद कच्च्या काँक्रीटसाठी, गंजलेल्या सळईसाठी, माणसाच्या चुकीसाठी ठेवलेली असते. “मार्जिन आहे ना!” असे म्हणून तिच्यावर एक मजला चढविणे म्हणजे रहिवाशांच्या प्राणांची ठेव परस्पर विकणे होय.

हे विकणारा कोण? दुर्घटनेनंतर हा प्रश्न विचारला की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. आराखडा वास्तुविशारदाचा, हिशेब आरसीसी सल्लागाराचा, मिश्रण ठेकेदाराचे, दाखला पालिकेचा. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. बिल्डर, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि पालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हे नोंदविले गेले. न्यायालय आपले काम करील; पण सहीचा अर्थ मृतांची मोजदाद झाल्यावर शोधण्याची पाळी यावी, ही व्यवस्थेची लाज आहे. वास्तुविशारदांच्या नोंदणीसाठी १९७२ पासून केंद्रीय कायदा आहे. ज्याच्या हिशेबावर इमारत उभी राहते त्या स्थापत्य अभियंत्यासाठी तसा कायदा झालेला नाही. त्याचे लायसन पालिकेचे, आणि फी देतो बिल्डर. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्याच्याच खिशातून तपासनिसाचे पोट भरते.

तथापि सगळा दोष खासगी नफेखोरीवर टाकून मोकळे होणे समाजवाद्यांना शोभणार नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जणांचा बळी गेला. तिची मालक खुद्द महापालिका होती, आणि राहणारे तिचेच कर्मचारी व त्यांची कुटुंबे. तळमजल्याच्या जागेत भाडेकरूने केलेले फेरफार चौकशीत पुढे आले. मालकी सार्वजनिक झाली म्हणून भार हलका होत नाही.

जळगाव आणि धुळे येथे २००३ साली महापालिका आल्या. जळगावकर आपल्या महापालिकेची सतरा मजली इमारत पाहुण्यांना कौतुकाने दाखवितात. गावभर चढलेल्या चार-पाच मजल्यांकडे कोणी मान वर करून पाहत नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता, आणि भूकंपाचा भार धरणे हेही अभियंत्याच्या हिशेबातच येते, हे किती घरमालकांना ठाऊक आहे?

महापालिका अधिनियमात तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी मालकाने करून घ्यावी अशी तरतूद आहे. तिचा आग्रह धरावा, पण डोळे उघडे ठेवून. ‘धोकादायक’ ही चिठ्ठी जुन्या भाडेकरूला बाहेर काढण्याचे हत्यारही होऊ शकते. म्हणून तपासणीचा अहवाल भाडेकरूच्या हाती पडला पाहिजे, आणि त्याच्या परतीच्या हक्काचा कागद घर सोडण्यापूर्वी झाला पाहिजे.

नव्या बांधकामाबाबत दोन मागण्या पुरेत. बिल्डरने तपासणीची फी महापालिकेकडे भरावी आणि तपासणारा अभियंता महापालिकेने नेमावा. प्रत्येक मजला किती भारासाठी आखला आहे तो आकडा, अभियंत्याच्या नावासह, जिन्याच्या तोंडाशी ठळक लिहावा. डाळीची पोती चढविणाऱ्या हमालालाही तो वाचता यावा. याविषयीचे कागद पालिकेच्या दप्तरात असतातच, आणि माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. प्रत्येक वॉर्डातील कार्यकर्त्याने या महिन्यात निदान एका इमारतीसाठी अर्ज द्यावा.