एस्परान्तोचे नाक-डोळे

बियालिस्तोक हे गाव आज पोलंडात आहे. १८५९ साली ते रशियन साम्राज्यात होते. रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू तेथे शेजारी राहत, पण एकमेकांकडे संशयाने पाहत. त्याच वर्षी तेथे जन्मलेल्या झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सात एका नव्या भाषेचे पुस्तक काढले. भाषा कोणा एकाच्या मालकीची नसावी, हा त्यांचा हट्ट. तीच एस्परान्तो.

आता अडचण पाहा. नाक, कान, हात सर्वांनाच आहेत. पण त्यांची नावे आणायची कोणाच्या घरून? मनानेच शब्द रचावेत, तर ते पाठ कोण करणार? तेव्हा झामेनहोफ यांनी वाटणी केली. डोके ‘कापो’, हात ‘मानो’, डोळा ‘ओकुलो’, हे लॅटिनच्या घरचे. तोंड ‘बुशो’ फ्रेंचांकडून, कातडी ‘हाउतो’ जर्मनांकडून. बोट ‘फिंग्रो’, यावर जर्मन आणि इंग्रज दोघेही हक्क सांगतील. नाक ‘नाझो’ तर लॅटिन, जर्मन, रशियन साऱ्यांनाच ओळखीचे. झामेनहोफ स्वतः डोळ्यांचे डॉक्टर. आपल्याच भाषेत ते ‘ओकुलिस्तो’ झाले!

मला गंमत वाटते ती जिभेची. लॅटिनमध्ये जीभ आणि भाषा दोहोंना ‘लिंग्वा’ हा एकच शब्द. हिंदीतली ‘जबान’ही अशीच. एस्परान्तोत मात्र जीभ ‘लान्गो’ आणि भाषा ‘लिंग्वो’. मूळ एकच, पण कामे वेगळी. डॉक्टरांनी जीभ दाखवायला सांगितली, तर रोगी व्याकरणाचे पुस्तक पुढे करणार नाही!

काही शब्द तुम्हांलाही ओळखीचे वाटतील. दात ‘देन्तो’, गुडघा ‘गेनुओ’, पाय ‘पिएदो’, हाड ‘ओस्तो’. आपले दंत, जानु, पाद, अस्थि आठवा. पण ते संस्कृतातून उचलले असे मात्र समजू नका. लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातल्या बहिणी, म्हणून चेहरे मिळतात एवढेच. पायाच्या बोटाला इंग्रजांचा शब्द निराळा. एस्परान्तोत ते ‘पिएदफिंग्रो’, म्हणजे आपल्यासारखे पायाचे बोटच.

पण ज्याची मायबोली चिनी किंवा जपानी, त्याने काय करावे? त्याला नखशिखांत सारेच परके. झामेनहोफ यांची समान वाटणी युरोपच्या उंबरठ्याशी थांबली, असे म्हणणे मला भाग आहे. तरीही जपानात आणि चीनमध्ये ही भाषा हौसेने शिकणारे निघाले. त्यांना ‘नाझो’ म्हणजे नाक, हे बापडे नाकाला बोट लावूनच घोकावे लागले असेल.